एस्टेल विरुद्ध स्मिथ
न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या मानसिक तपासणीत आरोपीचे हक्क अबाधित राहतात, असे ठरवणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1981 चा निकाल. टेक्सासमधील एका दुकानावरील सशस्त्र दरोड्यात झालेल्या खुनाबद्दल स्मिथवर खटला होता. खटला समजून घेण्याइतपत तो मानसिकदृष्ट्या सक्षम आहे का, एवढेच पाहण्यासाठी तपासणी ठरली. मनोविकारतज्ज्ञ जेम्स ग्रिगसन तुरुंगात त्याच्याशी सुमारे 90 मिनिटे बोलले. बचावाच्या वकिलांना याची कल्पना नव्हती. आपले बोलणे आपल्याच अंगाशी येऊ शकते, हे स्मिथलाही कोणी सांगितले नाही. पुढे शिक्षेच्या सुनावणीत, हा सुधारणार नाही, पुन्हा गुन्हे करील, अशी साक्ष ग्रिगसन यांनी त्याच भेटीच्या आधारे दिली. ज्यूरीने मृत्युदंड ठोठावला. डॉक्टरपुढे माणूस मोकळेपणाने बोलतो. त्या बोलण्याचा फास करणे हा उघड अन्याय होता. पाचव्या (स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती नसण्याचा हक्क) व सहाव्या (वकिलाच्या मदतीचा हक्क) घटनादुरुस्तीचा भंग झाल्याचे सांगून, मृत्युदंड रद्द करणारा खालच्या न्यायालयांचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. ग्रिगसन यांना अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने 1995 मध्ये सदस्यत्वावरून काढले. स्वतःविरुद्ध बोलण्याच्या सक्तीपासून असेच संरक्षण देत, भारतात ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ (2010) या निकालाने संमतीविना नार्को चाचणी घेण्यास मनाई केली.