श्वसनक्रियेचे ज्ञान व फुप्फुसोपचार : कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातील

हवेतील ऑक्सिजन रक्तात घेणे व शरीरात तयार झालेला कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकणे, या क्रियेस श्वसन म्हणतात. फुप्फुसांच्या रोगांवरील उपचार या क्रियेच्या आकलनाबरोबर बदलत गेले. सातारा व सांगली जिल्ह्यांतील पाचगणी, मिरज व मलकापूर येथील वैद्यकीय संस्थांच्या इतिहासाच्या आधारे हा बदल पाहता येतो.

ज्ञानाचा विकास : प्राचीन भारतीय वैद्यकात श्वासोच्छ्‌वासाचा संबंध प्राणवायूशी जोडलेला होता. यूरोपात गेलेन यांचे मत दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. हृदयाच्या मधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांतून रक्त उजवीकडून डावीकडे जाते, असे ते मानीत. तेराव्या शतकात इब्न अल्‌-नफीस यांनी ते नाकारून रक्त फुप्फुसांमधून फिरून डाव्या बाजूस येते, असे प्रतिपादिले. विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाची उपपत्ती मांडली आणि मार्चेल्लो मालपीगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकाने पाहिल्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लव्हॉयझर यांनी श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन असल्याचे दाखविले.

रचना व कार्य : नाक, ग्रसनी व स्वरयंत्र यांतून आलेली हवा श्वासनालात शिरते. श्वासनालाचे दोन मुख्य श्वसनींत विभाजन होते व त्यांच्या उत्तरोत्तर लहान होणाऱ्या शाखा अखेर वायुकोशांपर्यंत पोहोचतात. उजव्या फुप्फुसाचे तीन व डाव्याचे दोन खंड असतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून ३० ते ५० कोटी वायुकोश असून त्यांचे एकूण पृष्ठफळ सु. ७० चौ. मी. भरते. वायुकोश व केशवाहिनी यांच्या अतिशय पातळ भित्तींतून वायूंची देवघेव विसरणाने होते.

फुप्फुसांना स्वतःहून प्रसरण पावता येत नाही. मध्यपटल आकुंचन पावून खाली सरकते, बरगड्यांमधील स्नायू बरगड्या वर उचलतात व छातीची पोकळी वाढते. फुप्फुसावरील आवरणाचे, म्हणजे परिफुप्फुसाचे, दोन थर असून त्यांमधील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा किंचित कमी असतो. त्यामुळे फुप्फुस छातीच्या भिंतीबरोबर ताणले जाते, त्यातील दाब उतरतो व हवा आत शिरते. स्नायू शिथिल झाले की लवचिक फुप्फुस आक्रसते व उच्छ्‌वास होतो. विश्रांत अवस्थेत प्रौढ व्यक्ती मिनिटास १२ ते १८ वेळा, प्रत्येक वेळी सु. ५०० मिलि. हवा घेते, त्यांपैकी सु. १५० मिलि. श्वसनमार्गातच राहते व देवघेवीस उपयोगी पडत नाही. या क्रियेचे नियंत्रण मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतील केंद्राकडून होते.

आरोग्यधामांचा काळ : रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधून काढला, तथापि त्यावर औषध मिळण्यास साठांहून अधिक वर्षे जावी लागली. मधल्या काळात विश्रांती, सकस आहार व डोंगरावरील मोकळी हवा हाच मुख्य उपचार होता. सातारा जिल्ह्यात पाचगणी येथे मुंबईचे डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये ‘बेल-एअर’ हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम स्थापन केले. पुढे ते भारतीय रेडक्रॉस सोसायटीकडे गेले. मिरज येथे विल्यम जेम्स वॉनलेस (१८६५–१९३३) या कॅनडात जन्मलेल्या शल्यचिकित्सकांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उभारले व १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू केली. तेथील स्वतंत्र क्षयरुग्णालय पुढे वॉनलेस चेस्ट हॉस्पिटल या नावाने ओळखले जाऊ लागले.

डोंगराळ हवेत ऑक्सिजन अधिक असतो, हा समज मात्र बरोबर नाही. पाचगणीची उंची सु. १,३०० मी. असून तेथे वातावरणाचा दाब, व म्हणून ऑक्सिजनचा आंशिक दाबही, समुद्रसपाटीच्या मानाने सु. एकसप्तमांशाने कमी असतो. रुग्णास लाभ होई तो मुख्यतः विश्रांती व आहार यांचा. कुटुंबापासून दूर राहिल्याने घरातील इतरांस होणारा संसर्गही टळे. हा उपचार महिनोन्‌महिने चाले. त्यामुळे गरीब रुग्णास तो क्वचितच परवडे व घरातील कमावता माणूस आजारी पडल्यास कुटुंब निराधार होई.

याच काळात श्वसनाच्या यंत्रणेचा थेट उपयोग करणारा उपचार रूढ झाला. इटलीचे कार्लो फोर्लानीनी यांच्या पद्धतीनुसार परिफुप्फुसाच्या दोन थरांमध्ये सुईने हवा सोडीत. तेथील ऋण दाब नाहीसा होताच फुप्फुस आक्रसे व रोगग्रस्त भागास विश्रांती मिळे. सोडलेली हवा शोषली जात असल्याने ही क्रिया ठराविक काळाने पुनःपुन्हा करावी लागे. अपघाताने झाल्यास घातक ठरू शकणारा वातवक्ष येथे उपचार म्हणून योजिलेला होता.

औषधोपचार व त्यानंतर : स्ट्रेप्टोमायसीन (१९४३) व आयसोनियाझिड (१९५२) यांमुळे चित्र पालटले. मद्रास येथील १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरी राहून औषधे घेणारे रुग्ण आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे झाल्याचे आढळले. त्यांच्या घरातील इतरांस होणारा संसर्गही वाढला नाही. भारताचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला आणि उपचारांसाठी डोंगरावर जाण्याची आवश्यकता उरली नाही.

कराडलगतच्या मलकापूर येथे जयवंतराव भोसले यांच्या पुढाकाराने कृष्णा रुग्णालय उभे राहिले व १९८४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले; २००५ मध्ये संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. शरीररचनाशास्त्र व शरीरक्रियाविज्ञान हे अशा महाविद्यालयातील पायाभूत विषय असल्याने श्वसन तंत्राचे पद्धतशीर अध्ययन कृष्णाकाठच्या गावातच होऊ लागले. २०२०-२१ मधील करोना साथीत फुप्फुसांचा शोथ झालेल्या रुग्णांवर येथे उपचार झाले. अशा रोगात वायुकोश द्रवाने भरल्यामुळे देवघेवीचे पृष्ठफळ घटते. म्हणून रुग्णास अधिक ऑक्सिजन देतात, पालथे झोपवितात किंवा यंत्राने श्वास देतात. नैसर्गिक श्वासात छातीतील दाब उतरल्याने हवा आत येते, तर कृत्रिम श्वसनयंत्र वाढीव दाबाने ती आत ढकलते. हा दाब मर्यादेबाहेर गेल्यास वायुकोशांस इजा पोहोचते. त्यामुळे ज्या दाबाच्या नियमांवर पूर्वीचा वातवक्षाचा उपचार आधारलेला होता, त्यांचे ज्ञान अतिदक्षता विभागातही आवश्यक ठरते.