सोयरा फितला तेव्हा

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल! मंडळी, आता आख्यानाकडे वळू. लांब कुठं जायचं नाही. ह्या आपल्या कामथडीच्या पश्चिमेला राजगड, तिकडेच वेल्ह्याकडं गुंजण मावळ, आणि खाली भोरकडं रोहिड खोरं. एवढ्याच मुलखातली गोष्ट.

साल १६५९. अफझलखान निघालेला. विजापूरचं फर्मान मावळातल्या एकेका देशमुखाच्या दारी आलं, की खानास सामील व्हा, नाही तर वतन जाईल. कारीच्या कान्होजी जेध्यांनाही आलं. तारीख १६ जून. कान्होजी काय करतात? पाच मुलं बरोबर घेऊन राजगडी जातात, फर्मान महाराजांपुढं ठेवतात, आणि वतनावर पाणी सोडतात! घरची बायकामाणसं तळेगावाकडं पाठवली. अहो, आज बांधावरचं वीतभर रान सुटत नाही आपल्याला!

पण त्याच रोहिड खोऱ्यातले उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. जेधे आणि खोपडे, वतनावरून जुनं वैर. तरी मावळ केवढा हो? सगळे एकमेकांचे सोयरे. कुणाचं माहेर इकडं, सासर तिकडं. त्या बायांनी ते दिवस कसे काढले असतील, ते बखरकार लिहीत नाहीत.

१० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली खान पडला. खंडोजी जीव घेऊन लपत फिरले आणि शेवटी गुंजण मावळच्या हैबतराव शिळीमकरांकडं आले. नात्याचं माणूस, टाकवेना. पण महाराजांपुढं शब्द टाकायचा कुणी? हैबतराव गेले कान्होजींकडं. आता बघा, ज्याच्याशी पिढीजात भांडण, त्याच्यासाठी रदबदली करायची! कान्होजींनी केली. महाराजांनी त्यांचा शब्द राखून जीव सोडला.

पुढं एक दिवस खंडोजी दिसले, आणि महाराजांनी त्यांचा उजवा हात, डावा पाय तोडवला.

कान्होजींना लागलं ते. शब्द आपला गेला होता ना! ते विचारायला गेले. महाराजांनी सांगितलं, तुमच्या भिडेखातर जीव घेतला नाही. पण ज्या पायानं गनिमाकडं गेला आणि ज्या हातानं तलवार धरली, तेवढ्याची शिक्षा केली.

कान्होजी काही बोलले नाहीत. स्वराज्याची चाकरीही सोडली नाही.