न्याहारीच्या वेळचा परका आवाज

रेडिओवर सकाळी गाणी लावून मधूनमधून बोलणारा गृहस्थ हा इतिहासाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका श्रोत्यांपैकी काहींच्या मनात येईल. ती अगदीच अनाठायी नाही. अशा माणसाने लढाई जिंकलेली नसते, कायदा केलेला नसतो, आणि त्याचे बोलणे तर त्याच दिवशी दुपारपर्यंत विरून गेलेले असते. तरी पण लक्षावधी घरांत रोज सकाळी एकाच क्षणी शिरणारा आवाज विसाव्या शतकापूर्वी कोणा राजाला किंवा धर्मगुरूलाही लाभलेला नव्हता. तो आवाज कोणाचा, कोणत्या देशचा, ह्याला मग राजकीय अर्थ येतो. ब्रिटिश रेडिओवरील टेरी वोगन ह्याची कारकीर्द आम्ही आज निवडली ती ह्याच कारणाने.

वोगनचा जन्म ३ ऑगस्ट १९३८ रोजी आयर्लंडमध्ये, शॅनन नदीवरील लिमरिक शहरी झाला. वडील किराणा दुकानाचे व्यवस्थापक. शिक्षण जेझुइट पाद्र्यांच्या शाळांत झाले, आणि पुढे डब्लिनमध्ये बँकेतील कारकुनी पदरी आली. वर्तमानपत्रातील जाहिरात वाचून त्याने आयरिश नभोवाणीकडे अर्ज केला व तेथे निवेदक झाला. पुढे बी. बी. सी. कडे आपल्या आवाजाची फीत पाठविली. २७ सप्टेंबर १९६६ रोजी तेथे त्याचा पहिला कार्यक्रम झाला. गंमत अशी की, आरंभी तो डब्लिनमध्येच बसून तारेवरून लंडनकडे बोलत असे. समुद्रापलीकडचा माणूस हे त्याचे रूप पहिल्या दिवसापासून असे अक्षरशः खरे होते. एप्रिल १९७२ मध्ये त्याच्याकडे रेडिओ २ वरील न्याहारीची वेळ आली.

ह्या वेळेचा स्वभाव थोडा समजून घेतला पाहिजे. रात्रीचा श्रोता ऐकावयास बसतो. सकाळचा श्रोता दाढी करीत असतो, मुलांचे मोजे शोधीत असतो, चहा उतू जातो म्हणून धावत असतो. त्याच्या कानांवर वाक्य पडते ते अर्धेच. त्याला हवे असते घड्याळ, बातमी आणि सोबत. वक्तृत्वाची येथे काडीइतकी किंमत नाही. आमच्यासारख्या व्यासपीठावरून बोलणारांनी हे विनयपूर्वक मान्य करावे! वोगनने हे नेमके ओळखले होते. आपण समुदायाशी बोलत नसून एका माणसाशी बोलत आहो, अशी त्याची धारणा होती. लिहून आणलेल्या भाषणापेक्षा श्रोत्यांच्या पत्रांवर त्याची भिस्त असे. लोक चमत्कारिक टोपणनावे घेऊन त्याला लिहीत, तो ती पत्रे वाची, त्यांत आपली पुस्ती जोडी, आणि बहुतेक वेळा थट्टा होई ती त्याची स्वतःची किंवा बी. बी. सी. च्या वरिष्ठांची.

आता ह्या खेळकरपणाच्या शेजारी त्या काळचा इतिहास ठेवून पाहा. उत्तर आयर्लंडमधील रक्तपाताची झळ इंग्लंडला लागली होती. २१ नोव्हेंबर १९७४ च्या रात्री बर्मिंगहॅममधील दोन मद्यगृहांत बॉम्ब फुटले आणि २१ माणसे ठार झाली. आठ दिवसांत, २९ नोव्हेंबरला, दहशतवादविरोधी कायदा मंजूर झाला. संशयितांस अधिक काळ अडकवून ठेवण्याचा व ब्रिटनमधून हद्दपार करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्याची झळ प्रामुख्याने आयरिशांनाच पोचली. कामावर, बाजारात, गाडीत आयरिश उच्चार कानी पडताच माना वळू लागल्या. बर्मिंगहॅमच्या खटल्यात सहा आयरिश माणसांना १९७५ मध्ये जन्मठेप झाली, आणि ती निरपराध होती हे न्यायालयाने मान्य करावयास १९९१ साल उजाडावे लागले! त्याच वर्षांत, तोच उच्चार घेऊन, एक आयरिश माणूस इंग्रजांच्या स्वयंपाकघरात दररोज सकाळी बोलत होता. आणि त्या घरांनी रेडिओ बंद केला नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की, विदूषकाला दरबारात नेहमीच जागा असते. इंग्रजांना आयरिश माणूस हसविणारा चालतो, हक्क मागणारा चालत नाही. ह्या आक्षेपात तथ्य आहे. वोगनच्या लोकप्रियतेने एकाही निरपराध्याची बेडी तुटली नाही. राजकारणावर भाष्य करणे हे त्याच्या कार्यक्रमाचे काम नव्हते आणि त्याने ते आपले मानलेही नाही. परंतु त्या काळी आयरिशांच्या मूर्खपणाचे विनोद इंग्लंडात घरोघर चालत. त्या विनोदांत आयरिश मनुष्य हा हसण्याचा विषय असे. वोगनच्या कार्यक्रमात कशाला हसावयाचे हे तोच ठरवीत होता. हा फरक आम्हांस मोठा वाटतो. शेजाऱ्याची भीती ज्या घरांत पेरली जात होती, त्याच घरांत शेजाऱ्याची सवयही लागत होती.

आपल्याकडेही सकाळचा सूर परक्याने दिला आहे. आकाशवाणीची जी प्रारंभधून ऐकत महाराष्ट्रातील पिढ्या जाग्या झाल्या, तिचे श्रेय वॉल्टर कौफमन ह्या ज्यू संगीतकाराला दिले जाते. तो १९३४ मध्ये युरोपातून मुंबईस आला होता. धून ऐकताना कोणी त्याची जात विचारली नाही. नावदेखील फारसे कोणास ठाऊक नव्हते. वोगनच्या बाबतीत तसे लपणे शक्य नव्हते. त्याचे तोंड उघडले की त्याचा देश कळत असे.

डिसेंबर १९८४ मध्ये तो दूरदर्शनवरील मुलाखतींच्या कार्यक्रमासाठी रेडिओ सोडून गेला. आठवड्यातून तीन रात्री चालणारा तो कार्यक्रम १९९२ मध्ये बंद करून त्याच्या जागी एक मालिका आणण्यात आली. ती बिचारी वर्षभरच टिकली. पडद्यावर नामांकित झालेला माणूस पुन्हा पहाटे उठण्याच्या नोकरीवर सहसा येत नाही. वोगन जानेवारी १९९३ मध्ये आला, आणि पुढे सोळा वर्षांहून अधिक काळ तेथे राहिला. श्रोत्यांची संख्या ऐंशी लाखांच्या घरात गेली. त्याचे जुने श्रोते स्वतःस ‘टेरीचे म्हातारे’ अशा अर्थाच्या नावाने मिरवू लागले. १८ डिसेंबर २००९ रोजी त्याने न्याहारीच्या वेळेचा निरोप घेतला, तरी रविवारचा कार्यक्रम नोव्हेंबर २०१५ पर्यंत चालविला.

२००५ साली त्याला नाइट हा किताब मिळाला, तो परदेशी नागरिक म्हणून प्रथम मानद. पुढे त्याने ब्रिटिश नागरिकत्वही घेतले व तो ‘सर’ झाला, परंतु आयरिश नागरिकत्व सोडले नाही. २००७ मध्ये लिमरिकने आपल्या ह्या पुत्राला शहराचे मानाचे स्वातंत्र्य बहाल केले. ३१ जानेवारी २०१६ रोजी तो वारला. इंग्लंडचे राजे जेथे अभिषिक्त होतात त्या वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये त्याची स्मरणसभा झाली. तिच्यासाठी २७ सप्टेंबर हा दिवस ठरविला होता. डब्लिनहून तारेवरून आलेला तो आवाज बी. बी. सी. वर प्रथम ऐकू आला, त्याला त्या दिवशी पन्नास वर्षे पूर्ण होत होती.