नवख्याच्या शेजारी बसणारा माणूस

समाजमाध्यमांच्या वापरास नव्याने आरंभ करणारा मनुष्य जे प्रश्न विचारतो, ते संख्येने थोडे आणि वयाने फार जुने असतात. आपण लिहिलेले कोणाकोणाच्या दृष्टीस पडेल, चुकून गेलेला मजकूर परत घेता येईल काय, अनोळखी इसमाने ओळख काढली तर ती मानावी की नाही, आणि आलेली वार्ता खरी की खोटी हे कोणास विचारावे, हे ते प्रश्न होत. रायपुरात गेल्या दोन-अडीच शतकांत जे जे नवे संदेशसाधन आले, त्या प्रत्येकाबरोबर ते पुनःपुन्हा उपस्थित झाले. आणि मी तो इतिहास वाचतो तो नवख्याच्या शेजारी बसून त्याला उत्तर देणाऱ्या माणसाचा इतिहास म्हणून.

नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडात स्थिरावला तो बिंबाजी भोसल्यांच्या कारकिर्दीत, म्हणजे 1758 ते 1787 या काळात. त्या राजवटीबरोबर मराठी कारकून, कमाविसदार आणि मोडी दप्तर या मुलखात आले. सरकारी पत्र लखोट्यात बंद होऊन जासुदाच्या हाती जाई. पण ज्या रयतेस अक्षरओळख नव्हती, तिला आपला अर्ज कारकुनाकडून लिहवून घ्यावा लागे, आणि आलेले उत्तरही त्याच्याच तोंडून ऐकावे लागे. 1818 नंतर इंग्रज अधिकारी ॲग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास आणले, 1854 मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, आणि कचेरीची भाषा व लिपी पालटली. तरी कारकुनाच्या शेजारी बसून आपले गुपित त्याच्या हवाली करणारा अर्जदार तोच राहिला.

लखोट्याचे संरक्षण प्रथम दूर झाले ते पोस्टकार्डाने. 1 जुलै 1879 रोजी हिंदुस्थानात पाव आण्याचे कार्ड सुरू झाले, आणि स्वस्ताईच्या मोबदल्यात माणसाने आपला मजकूर उघडा करण्यास मान्यता दिली. टपालवाला तो वाचू शके, आळीतला मुलगा मोठ्याने वाचून दाखवी. या उघडेपणातून घराघरांत एक अलिखित मर्यादाशास्त्र तयार झाले: खुशालीचे वर्तमान कार्डावर, देण्याघेण्याचे आणि सोयरिकीचे बोलणे लिफाफ्यात, आणि मृत्यूची वार्ता असेल तर कार्डाचा कोपरा फाडलेला, म्हणजे वाचण्यापूर्वीच मनाने सावध व्हावे. हे कोणी शाळेत शिकविले नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी शिकविले. आज व्हॉट्सॲपवरील कुटुंबाच्या ग्रुपमध्ये काय लिहावे आणि एकट्या बहिणीला काय कळवावे, याविषयी नवख्याला जो विवेक हवा असतो, तो नेमका हाच आहे.

छापील अक्षराचे प्रकरण याहून मोठे. जानेवारी 1900 मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. संपादक माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी, आणि तिघांनीही आपला उद्योग ज्या प्रदेशात आपण राहतो त्याच्या भाषेत केला. सप्रे त्या वेळी पेंड्र्याच्या राजकुमाराचे शिक्षक होते, आणि शिक्षकाची ही वृत्ती मासिकाच्या पानापानांत उतरली. ज्या प्रांतात नियतकालिक वाचण्याची सवयच जडलेली नव्हती, तेथे वाचकाच्या हाती केवळ मजकूर देऊन भागत नाही, कोणता ग्रंथ घ्यावा आणि कोणता टाकावा हे सांगणारा कोणीतरी त्याच्यापाशी असावा लागतो, हे त्यांनी ओळखले; म्हणून पुस्तकपरीक्षणाला त्यांनी जे स्थान दिले, त्यामुळे हिंदी समीक्षेच्या आरंभीच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते. पुरेशा ग्राहकांअभावी 1902 च्या अखेरीस मासिक बंद पडले. सप्र्यांनी पुढे दासबोध आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले, आणि 1926 मध्ये रायपुरातच देह ठेवला. लाख्यांनी रायपुरात सहकारी चळवळीचा पाया घातला. तीन वर्षांचे अल्पायुषी मासिक अपयशी ठरले असे म्हणणाऱ्यांशी माझा पक्का मतभेद आहे. नव्या वाचकाला निवड करण्यास शिकविणे हे काम ग्राहकसंख्येने मोजता येत नाही.

2 ऑक्टोबर 1963 रोजी आकाशवाणीचे रायपूर केंद्र सुरू झाले. श्रोत्यांची पत्रे येऊ लागली, आणि ग्रामीण श्रोत्यांशी त्यांच्याच छत्तीसगढीत बोलणारे ‘बरसाती भैया’ घराघरांत आप्त झाले. त्याविषयी येथे अधिक न लिहिता मी थेट 1975 कडे येतो, कारण त्या वर्षी या परिसरात जे घडले त्याला जगाच्या इतिहासात जोड क्वचितच सापडेल.

1 ऑगस्ट 1975 पासून बरोबर एक वर्ष, अमेरिकेच्या एटीएस-6 या उपग्रहावरून भारताने सहा राज्यांतील सुमारे 2,400 गावांत दूरदर्शनचे कार्यक्रम थेट उतरविले. तत्कालीन मध्य प्रदेशातील निवडलेली गावे रायपूरच्या आसपासची होती. ज्या खेड्यांनी सिनेमाही क्वचितच पाहिला, तेथे जाळीच्या मोठ्या तबकडीसह सामुदायिक संच येऊन बसला. सकाळी मुलांसाठी आणि सायंकाळी शेती, आरोग्य व कुटुंबनियोजन यांविषयीचे कार्यक्रम चालत. परंतु हा प्रयोग चालविणाऱ्या इस्रोच्या शास्त्रज्ञांची दूरदृष्टी मला अधिक दिसते ती अन्यत्र. प्रत्येक संचास गावातला एक राखणदार नेमलेला होता, आणि काही गावांत समाजशास्त्राचे अभ्यासक मुक्काम करून लोक काय समजले, काय समजले नाहीत, याची नोंद ठेवीत. यंत्र पाठविणाऱ्यांनी यंत्रासोबत माणूसही पाठविला होता. 31 जुलै 1976 रोजी प्रयोग संपला.

मासिकापासून दूरदर्शनपर्यंतची ही साधने मुख्यतः एकाच दिशेने बोलणारी होती. उत्तर देण्याची सोय सामान्य माणसाच्या हाती दिली ती शुभ्रांशु चौधरी यांनी 2010 मध्ये सुरू केलेल्या ‘सीजीनेट स्वर’ने. साध्या फोनवरून एका क्रमांकास मिस्ड कॉल द्यावा, उलट फोन आला की एक दाबून आपले म्हणणे नोंदवावे, दोन दाबून इतरांचे ऐकावे, इतकेच. भाषा गोंडी असो वा छत्तीसगढी, लिहिता येण्याची अट नाही. नोंदविलेला आवाज प्रसृत होण्यापूर्वी एक माणूस तो ऐके आणि पडताळून पाही. लिहिता न येणाऱ्यांसाठी घडविलेले हे समाजमाध्यम होते, आणि त्याच्या रचनेतच ‘खरे की खोटे’ या प्रश्नाला उत्तरदायी असलेला इसम बसविलेला होता. याचे मोल आपण पुरेसे जाणले नाही, अशी माझी खंत आहे.

कारण पुढे जे आले त्यात तो इसम नाही. 2016 पासून इंटरनेट स्वस्त झाले, आणि 2018 मध्ये छत्तीसगड शासनाने संचार क्रांती योजनेखाली, मुख्यतः स्त्रियांना, लक्षावधी स्मार्टफोन वाटले. त्याच वर्षी 1 जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांची हत्या केली. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास मनाई केली. यंत्राने संख्येला लगाम घातला. पण संदेश हाती आल्यावर तो खरा मानावा की नाही, हे आजही वाचणाऱ्याने एकट्यानेच ठरवायचे असते.

म्हणून माझी अशी इच्छा आहे की, रायपूरच्या महाराष्ट्र मंडळाने, आणि घरोघरच्या शिकल्या-सवरल्या नातवंडांनी, कारकुनाची, वडीलधाऱ्यांची आणि संचाच्या राखणदाराची ती रिकामी जागा घ्यावी. आजींच्या शेजारी बसावे आणि सांगावे, की व्हॉट्सॲपवर गेलेला मजकूर सुमारे दोन दिवसांपर्यंत सर्वांकरिता पुसता येतो, परंतु पुसल्याची खूण उरते, आणि तत्पूर्वी कोणी तो वाचला वा त्याचे छायाचित्र घेतले तर इलाज नाही. ग्रुपमध्ये शिरलेल्या प्रत्येकास आपला क्रमांक दिसतो. आपणास ग्रुपमध्ये कोणी ओढावे आणि आपला फोटो कोणी पाहावा, हे सेटिंगमध्ये जाऊन आपणच ठरवू शकतो. ओटीपी मागणारा, पोलीस अधिकारी म्हणून व्हिडिओ कॉलवर अटकेची धमकी देणारा इसम ठकच असतो. आणि पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता त्याच घटकेस 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.