मातेचे वय आणि गर्भारपणातील जोखीम

गर्भधारणेच्या वेळच्या वयाचा स्त्रीच्या गर्भारपणावर, बाळंतपणावर आणि नवजात बाळाच्या प्रकृतीवर होणारा परिणाम. विशीत आणि तिशीच्या सुरुवातीला जोखीम सर्वांत कमी असते. त्याआधी आणि त्यानंतर ती वाढते. मात्र दोन्हींकडची कारणे वेगळी आहेत.

वाढते वय : मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत सुमारे १० ते २० लाख अपक्व स्त्रीबीजे असतात. त्यांचे अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे पेशीविभाजन) ती आईच्या पोटात असतानाच सुरू होऊन मध्येच थांबते. ते पुन्हा चालू होते बीज पक्व होताना, म्हणजे कधी कधी चाळीस वर्षांनी. तोवर गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारी प्रथिने झिजतात, गुणसूत्रांची वाटणी चुकते आणि बीजात एखादे गुणसूत्र कमी किंवा जास्त येते. अशा बहुतेक गर्भांचा पहिल्या तिमाहीतच गर्भपात होतो. एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन आले, तर बाळाला डाऊन सिंड्रोम होतो. त्याचा संबंध वडिलांच्या नव्हे, आईच्या वयाशी असल्याचे ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञ लायोनेल पेनरोज यांनी १९३३ मध्ये दाखवले; गुणसूत्रांचे कारण १९५९ मध्ये उघड झाले. असे बाळ जन्मण्याची शक्यता आईच्या विसाव्या वर्षी सुमारे १,५०० त एक, पस्तिसाव्या वर्षी ३५० त एक, तर चाळिसाव्या वर्षी १०० त एक असते.

गरोदरपणातील उच्च रक्तदाब व मधुमेह, वार खाली असणे, सिझेरियन आणि मृतजन्म यांचे प्रमाणही वयानुसार वाढते. दुसऱ्या स्त्रीने दान केलेले बीज वापरल्यास गुणसूत्रदोषाची शक्यता दात्रीच्या वयावर ठरते. रक्तदाबाची जोखीम मात्र गर्भ वाढवणाऱ्या स्त्रीच्या वयाप्रमाणेच राहते.

कोवळे वय : विशीच्या आतील मातांमध्ये रक्तक्षय, रक्तदाब वाढून झटके येणे आणि बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग अधिक आढळतो. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याची शक्यता वाढते. मुलीची स्वतःची वाढ पुरी झालेली नसते. त्यात अपुरा आहार, अर्धवट सुटलेली शाळा आणि गरोदरपणाची उशिरा झालेली नोंदणी यांची भर पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) १५ ते १९ वयोगटातील ६.८ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ७.६ टक्के होते.

पस्तिशीची मर्यादा : गर्भाची गुणसूत्रे तपासणाऱ्या गर्भजलपरीक्षेत गर्भपाताचा थोडा धोका असल्याने ती कोणाला सुचवावी, हे ठरवताना ३५ वर्षे ही मर्यादा रूढ झाली. भारताच्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यातही (१९९४) प्रसवपूर्व निदानाला परवानगी देणाऱ्या कारणांत ३५ वर्षांवरील वय आहे. प्रत्यक्षात जोखीम त्या वाढदिवशी एकदम चढत नाही. तरुण मातांची बाळंतपणेच अधिक असल्याने डाऊन सिंड्रोमची बरीच बाळे पस्तिशीच्या आतील मातांना होतात. त्यामुळे ११ ते १३ आठवड्यांची सोनोग्राफी व डबल मार्कर रक्तचाचणी आता सर्व वयांच्या गरोदर स्त्रियांना सुचवली जाते.

दक्षता : पस्तिशीनंतर गर्भधारणेआधीच रक्तदाब व साखर तपासणे आणि फॉलिक आम्ल सुरू करणे हिताचे असते. सरकारी आरोग्यसेवेत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते व अतिजोखमीच्या माता वेगळ्या नोंदल्या जातात. साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने (२०२१) असे उपचार घेणाऱ्या स्त्रीसाठी २१ ते ५० ही वयोमर्यादा घातली आहे. नियमित तपासणी व रुग्णालयातील प्रसूती यांच्या आधारे पस्तिशीनंतरही बहुसंख्य स्त्रियांची बाळे निरोगी जन्मतात. कोवळ्या वयातील जोखीम टाळण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे लग्न आणि पहिले मूल लांबणीवर टाकणे.