पूल मध्येच बुडतो तेव्हा

काही वर्षांपूर्वी ऑनसाइट असताना एका शनिवारी आम्ही चौघं व्हर्जिनिया बीचहून उत्तरेकडे निघालो होतो. वाटेत चेसापीकची खाडी लागते. पुलावर आलो, दोन्हीकडे नुसतं पाणी. आणि थोडं पुढे गेल्यावर पूल एका छोट्या बेटावर उतरला आणि चक्क गडप! दीडेक किलोमीटर बोगदा, मग पुन्हा बेट, पुन्हा पूल. पुढे तोच प्रकार परत एकदा. मागून मित्र म्हणाला, "मध्येच बजेट संपलं वाटतं यांचं."

खरं तर उलट आहे. बोगदाच जास्त महाग पडतो. मग एवढा उपद्व्याप कशासाठी?

मला वाटलं होतं, मोठ्या जहाजांना वाट हवी म्हणून. पण तेवढ्यासाठी उंच पूल चालला असता. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट १९३७ सालीच उभा राहिला होता. इथली गोम वेगळी होती. या खाडीच्या तोंडाशी नॉरफोकला अमेरिकन नौदलाचा प्रचंड तळ आहे. अपघाताने किंवा घातपाताने पूल पडला आणि मुख्य मार्गात आडवा झाला, तर आतलं आरमार आतच अडकणार. म्हणून नौदलाचा पुलाला विरोध होता. जवळच हॅम्प्टन रोड्सला १९५७ मध्ये यावर तोडगा निघाला होता: उथळ पाण्यात पूल, जहाजांच्या मार्गाखाली बोगदा, आणि दोन्हींच्या सांध्यावर मानवनिर्मित बेटं. तोच नमुना मोठा करून १९६४ मध्ये हा २८ किलोमीटरचा रस्ता सुरू झाला. त्यात चार बेटं आणि दोन बोगदे.

हे बोगदे खणलेले नाहीत, बुडवलेले आहेत. समुद्राच्या तळाशी चर खोदायचा, दोन्ही तोंडं बंद केलेल्या पोलादी नळ्या तरंगत आणायच्या, काँक्रीटचं वजन घालून चरात उतरवायच्या, एकमेकींना जोडायच्या आणि वरून भराव टाकायचा. गंमत म्हणजे आत हवा असल्याने नळी बुडण्यापेक्षा वर येण्याची काळजी जास्त असते.

आता योगायोग बघा. जानेवारी १९७० मध्ये वादळात एका जहाजाचे नांगर घसरले आणि ते पुलावर आदळलं. रस्ता ४२ दिवस बंद! जहाज कोणाचं? अमेरिकन नौदलाचंच, 'यान्सी'. पण पडलेला भाग मुख्य मार्गात नव्हता. म्हणजे डिझाइन पास झालं. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम फेल झाली, पण ठरवलेल्या जागी.

याच खाडीच्या वरच्या अंगाला बाल्टिमोर आहे. तिथेही बंदरावर आधी बोगद्याचाच विचार होता, पण पूल स्वस्त पडत होता, शिवाय बोगद्यात बंदी असलेले ज्वालाग्राही मालाचे ट्रक त्यावरून नेता येणार होते. कारणं काही चुकीची नव्हती. १९७७ मध्ये पूल झाला. २६ मार्च २०२४ च्या पहाटे 'डाली' या मालवाहू जहाजाची वीज गेली आणि ते खांबावर आदळलं. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. पूल काही सेकंदांत कोसळला आणि नौदलाने नॉरफोकसाठी जे कल्पिलं होतं, ते बाल्टिमोरला घडलं. मार्ग पूर्ण मोकळा व्हायला जून उजाडला.

जहाजाने धोक्याचा संदेश दिल्यामुळे पोलिसांनी गाड्या वेळेत थांबवल्या. पण पुलावर रात्रपाळीत खड्डे बुजवणाऱ्या कामगारांपर्यंत निरोप पोचला नाही. त्यातले सहा जण गेले.

हे वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. 'पूल पडला तर काय अडेल?' हा प्रश्न नौदलाने विचारला, त्याचं उत्तर म्हणून समुद्रात चार बेटं उभी राहिली. 'पूल पडला तेव्हा वर कोण असेल आणि त्यांना कोण सांगेल?' या प्रश्नाला बेटं लागत नाहीत. एक वायरलेस पुरला असता.

असो. आमच्या प्रोजेक्टच्या रिस्क लिस्टमध्ये सोमवारी एक ओळ वाढवणार आहे.