चार प्रती आणि एक चप्पल

ज्याला अभिनय येत नाही, गाता येत नाही, पेटी वाजवता येत नाही आणि नेपथ्याचा खिळासुद्धा सरळ ठोकता येत नाही, अशा माणसाला हौशी नाट्यसंस्थेत चिटणीस करतात. आमच्या ऑफिसच्या नाट्यमंडळाचा मी अकरा वर्षं चिटणीस होतो.

त्या वर्षी राज्य नाट्यस्पर्धेत काहीतरी वेगळं करायचं ठरलं. (हे दर वर्षीच ठरे.) आमच्या दिग्दर्शकाने एक गाजलेली कादंबरी माझ्या टेबलावर आपटली आणि म्हणाला, "याचं नाटक कर." पंधरा रात्री जागून मी तीन अंक पाडले. साहेब दौऱ्यावर गेल्याची संधी साधून टायपिस्टबाईंनी तीन कार्बन घालून एका दमात चार प्रती काढल्या. चौथी प्रत वाचायला डोळ्यांपेक्षा कल्पनाशक्तीच जास्त लागे. एक प्रत रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे आपल्या बोलीत सेन्सॉरकडे जायची, उरलेल्या तीन तालमीला. वाचन झालं, पात्रं ठरली, पात्रांची भांडणंही होऊन गेली, आणि एका संध्याकाळी बशीतला चहा फुंकताफुंकता खजिनदार म्हणाले, "लेखकाची परवानगी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगायचं तर पंधरा रात्रींनंतर लेखक म्हणजे मीच, अशी माझी प्रामाणिक समजूत झाली होती.

दुसऱ्या रविवारी मी कादंबरीकारांच्या दारात उभा होतो. धोतर, बनियन, हातात वर्तमानपत्राची पुरवणी. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, पोहे दिले आणि मग म्हणाले, "म्हणजे पोरगी पळवून झाली, आता मागणी घालायला आलात!"

मी खाली मान घालून शेंगदाणे शोधले.

"तुमचा दोष नाही हो," ते म्हणाले. "यापूर्वी एका गावी याच कादंबरीचं नाटक परस्पर झालं. मला कळलं जाहिरातीवरून. एसटीने गेलो, तिकीट काढलं, मागच्या रांगेत बसलो. माझी नायिका साडेतीनशे पानांत एकदाही रडत नाही. तोच तर तिचा स्वभाव. ती बाई तिथे पहिल्या अंकात दहा मिनिटं रडली. लोकांनी टाळ्या दिल्या. मला कुठे बघावं कळेना. मग मी वाकून खुर्चीखाली चप्पल शोधायला लागलो. अंक संपेपर्यंत शोधत होतो. चप्पल पायातच होती."

हसावं की नाही, हे मला कळलं नाही. त्यांच्या पत्नीने आतून आणखी पोहे आणले, त्यावरून हा प्रसंग घरात नेहमी सांगितला जात असावा आणि त्यानंतर पाहुण्याला काहीतरी द्यावं लागत असावं, असा मी अंदाज बांधला.

परवानगीचं काय झालं ते सांगतो. पण त्या दिवसापासून मला या प्रकरणाचा नाद लागला. कादंबरी एकाची आणि नाटक दुसऱ्याचं, हा उद्योग कधीपासून चालतो ते शोधू लागलो, आणि विलायतेत पोचलो तर तिथे खुद्द चार्ल्स डिकन्स चप्पल शोधत असलेला सापडला!

गोष्ट १८३८ सालची. डिकन्सची 'ऑलिव्हर ट्विस्ट' मासिकात क्रमशः चालू होती, आणि ती पुरी व्हायच्या आत लंडनच्या नाटकवाल्यांनी तिची नाटकं लावली होती. नोव्हेंबरात सरी थिएटरातला प्रयोग बघायला डिकन्स गेला, आणि पहिल्याच प्रवेशाच्या मध्यावर बॉक्सच्या कोपऱ्यात चक्क जमिनीवर आडवा झाला. पडदा पडेपर्यंत उठला नाही. हे त्याचा मित्र आणि चरित्रकार जॉन फॉर्स्टर याने लिहून ठेवलं आहे. आमचे कादंबरीकार नुसते वाकले होते. खुर्च्यांच्या दोन रांगांत आडवं पडायला आपल्या थिएटरांत जागा कुठे असते?

त्याच महिन्यात 'निकोलस निकल्बी'वरही नाटक आलं. ही कादंबरी तर निम्म्यावरही आली नव्हती. एप्रिल १८३८ मध्ये सुरू झालेली, ऑक्टोबर १८३९ मध्ये संपली. मग नाटकाचा शेवट कुठून आणला? नाटककाराने स्वतःच्या मनाने केला. म्हणजे बिचारा डिकन्स घरी बसून पुढे काय होणार याचा विचार करतोय, आणि तिकडे लोक ते बघून घरी जाऊन जेवतायत! डिकन्सने पुढे त्याच कादंबरीत एक पात्र घुसडून सूड घेतला. त्या गृहस्थाच्या नावावर दोनशे सत्तेचाळीस कादंबऱ्यांची नाटकं आहेत. पण याच्यापलीकडे तो काही करू शकत नव्हता, कारण कायद्याने हा गुन्हाच नव्हता.

इंग्रजांचा कायदा म्हणजे काय चीज आहे बघा. नाटकाला १८३३ सालापासून संरक्षण होतं, नाटककाराला विचारल्याशिवाय प्रयोग करता येत नसे. पुस्तकालाही संरक्षण होतं, कोणाला ते छापता येत नसे. पण पुस्तकाचं नाटक करणं म्हणजे काही पुस्तक छापणं नव्हे! तेव्हा करा खुशाल. चार्ल्स रीड नावाचा एक मोठा खटपट्या कादंबरीकार होता. त्याच्या कादंबरीवर दुसऱ्याने नाटक लावलं म्हणून तो कोर्टात गेला आणि १८६१ मध्ये हरला. मग त्याला आठवलं, की ही कादंबरी आपण आपल्याच एका जुन्या नाटकावरून लिहिली होती. तो पुन्हा कोर्टात गेला आणि त्या मुद्द्यावर जिंकला. कादंबरी चोरली तर साव, पण तिच्यामागचं नाटक चोरलं तर चोर. आमच्या चाळीत एकाने दुसऱ्याची दोरी चोरली होती. दोरीला म्हैस बांधलेली होती हा निव्वळ योगायोग, असं तो सांगे. तसंच हे.

अमेरिकेत तरी वेगळं काय होतं? 'अंकल टॉम्स केबिन'ची लेखिका हॅरिएट बीचर स्टो हिच्याकडे एका सज्जन गायकाने रीतसर परवानगी मागितली. ती पाद्र्याची मुलगी, तिला नाटकाचं वावडं. तिने नको म्हटलं. म्हणजे ज्याने विचारलं तो बसला, आणि ज्यांनी विचारलं नाही त्यांनी गल्ले भरले. १८५२ मध्ये जॉर्ज एकेनने न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी नाटक लावलं, आणि पुढे कितीतरी वर्षं गावोगाव तंबू ठोकून टॉमकाकाचे प्रयोग होत राहिले. लेखिकेला त्यातला छदाम मिळाला नाही. कादंबरीचं नाटक करण्याचा हक्क लेखकाने राखून ठेवावा, अशी सोय अमेरिकेच्या कायद्यात १८७० मध्ये झाली. तोवर तिच्या कादंबरीला अठरा वर्षं होऊन गेली होती.

पण माझी खरी नायिका निराळीच आहे. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट. मँचेस्टरला जन्मलेली, अमेरिकेत वाढलेली. तिची 'लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय' १८८६ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि दोन्ही देशांतल्या आया वेड्या झाल्या. कादंबरीतल्या गोड मुलाप्रमाणे आपल्याही मुलाला काळा मखमली सूट आणि लेसची कॉलर घालायची साथच आली. त्या मुलांचं काय झालं असेल, या विचाराने मला अजून कळवळा येतो. मला लहानपणी एकदा मुंजीत जरीचा कोट घातला होता.

तर १८८८ च्या फेब्रुवारीत लंडनच्या प्रिन्स ऑफ वेल्स थिएटरात 'लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय' लागलं. रूपांतरकर्ता सीबोम नावाचा एक गृहस्थ. बाईंना पत्ता नाही, त्या तेव्हा इटलीत. बाईंच्या जागी दुसरी कोणी असती तर कपाळावर सुंठ उगाळून पडून राहिली असती. प्रकाशक वॉर्न कंपनीने दावा लावला. पण लावायचा कशावर? नाटक करणं हा गुन्हा नाही, हे तर ठरलेलं. वकिलांनी फार सुंदर प्रश्न विचारला: सीबोमसाहेब, तुम्ही प्रती किती काढल्या?

सीबोमसाहेब म्हणाले, चार.

एक सेन्सॉरकडे, म्हणजे तिकडच्या लॉर्ड चेंबरलेनकडे द्यायची. १८४३ च्या कायद्याप्रमाणे तिथे संहिता दाखवल्याशिवाय प्रयोग करता येत नसे. (१८४३ मध्येच आपल्याकडे सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्यांना चेंबरलेन नव्हता, नशीबवान माणूस.) उरलेल्या तीन नाटकाच्या कामाला. आणि त्या चारही प्रतींत कादंबरीतले संवादच्या संवाद उतरवलेले. झालं! न्यायमूर्ती स्टर्लिंग म्हणाले, नाटक करा हो, पण पुस्तकातला मजकूर उतरवून प्रती काढणं हे पुस्तकाच्या हक्कावर आक्रमण आहे. पुढे प्रती काढायला मनाई, आणि आहेत त्या प्रतींतले उतारे रद्द करा. आता सेन्सॉरला संहिता द्यायची तर ती कागदावर हवी, आणि कागदावर आली की चोरी झाली. हरदासासारखं सगळं पाठ करून उभं राहिलं असतं तर सीबोम सुटला असता. पण इंग्रजांच्या चेंबरलेनला कीर्तन कोण ऐकवणार?

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. एक सेन्सॉरला, तीन तालमीला. चार. टायपिस्टबाईंचीसुद्धा काळजी वाटली.

बर्नेटबाईंनी नुसता खटला जिंकला नाही. त्यांनी स्वतःचं नाटक लिहिलं आणि निकालाच्या त्याच मे महिन्यात, १४ तारखेला, टेरीज थिएटरात ते उभंही केलं. नाव काय ठेवावं? 'द रिअल लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय'. आमच्या पेठेत 'आमची दुसरीकडे कोठेही शाखा नाही' अशा पाट्या असतात, त्या घराण्यातलं हे नाव. इंग्लंडच्या लेखकांनी बाईंना हिऱ्यांचं कंकण भेट दिलं.

यानंतर शहाणे लेखक आधीच नाटक करून मोकळे व्हायला लागले. कादंबरी बाजारात यायच्या आत तिचा एक नाममात्र जाहीर प्रयोग करून टाकायचा, म्हणजे नाटकाचा हक्क आपला. 'ड्रॅक्युला'चा लेखक ब्रॅम स्टोकर हा लंडनच्या लायसियम थिएटरचा व्यवस्थापकच होता. त्याने १८ मे १८९७ रोजी सकाळी आपल्याच थिएटरात 'ड्रॅक्युला'चं वाचन उरकलं. पाच अंक, चाळीसच्या वर प्रवेश. संहिता म्हणजे बरेचसे कादंबरीच्या छापील पानांचे तुकडे कापून चिकटवलेले. आठ दिवसांनी कादंबरी प्रसिद्ध झाली. सकाळच्या वेळी ते इतके तास कोणी ऐकलं असेल ते ड्रॅक्युलालाच ठाऊक. स्टोकरच्या हयातीत ते नाटक पुन्हा रंगभूमीवर आलं नाही, पण हक्क राहिला; पुढे विधवा फ्लॉरेन्सबाईंनी १९२४ मध्ये हॅमिल्टन डीनला परवानगी दिली आणि त्या नाटकावर म्हातारपण काढलं. न विचारता सिनेमा काढणाऱ्या जर्मनांना त्यांनी कोर्टात खेचलं, ते निराळंच. इंग्लंडात १९११ मध्ये कायदा सुधारला, १९१४ मध्ये तो आपल्याकडेही आला, आणि सकाळची नाटकं बंद झाली. आपल्याकडे श्री. ना. पेंडशांनी 'गारंबीचा बापू'चं नाटक स्वतःच केलं. सगळ्यांत सुरक्षित मार्ग तोच.

तर परवानगी. आमच्या कादंबरीकारांनी माझ्याकडून तिन्ही अंक वाचून घेतले. दोन ठिकाणी हसले, त्यातली एक जागा माझी होती. मग पोस्टकार्डावर लिहून दिलं: एका प्रयोगास परवानगी आहे, मानधन एक्कावन्न रुपये, नायिका रडणार नाही. तिसऱ्या अटीखाली रेघ मारलेली होती.

मी ते कार्ड तालमीत मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या नायिकेने, त्या हिशेब खात्यात होत्या, "बरं" म्हटलं.

प्रयोगाला ते आले. या वेळी तिसऱ्या रांगेत, मानाने, पत्नीसह. दोन अंक झकास झाले. तिसऱ्या अंकात नायिका घर सोडून निघते. आमच्या बाई दारापर्यंत गेल्या, वळल्या, अंगण बघितलं, आणि काय झालं कोणास ठाऊक, गळा दाटला. मी विंगेतून हात हलवले, नाही नाही म्हणून मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलंच. थिएटर स्तब्ध.

मी पडद्याच्या फटीतून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. कादंबरीकारांची खुर्ची रिकामी दिसत होती. शेजारी त्यांच्या पत्नी पदराने डोळे टिपत होत्या, आणि दुसऱ्या हाताने खाली वाकलेल्या कोणाची तरी पाठ थोपटत होत्या.